हेम्पचे तेल आणि सीबीडीचे तेल एक नव्हे: अन्न व औषध प्रशासनाच्या आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य, मुंबई

प्रत माहितीसाठी: मा. कृषी आयुक्त, पुणे

विषय: हेम्प बियांचे तेल आणि सीबीडी तेल यांच्या विक्रीत होणारी गल्लत

सन्माननीय आयुक्त,

मी फार्मासिस्ट आहे आणि कराडला मेडिकल चालवते. गेल्या काही वर्षांत काउंटरवर एक प्रश्न वरचेवर येऊ लागला आहे: "तुमच्याकडे हेम्पचं तेल मिळतं का?" विचारणाऱ्याला नेमके काय हवे आहे, ते या प्रश्नावरून कळत नाही. एखाद्या मुलीला ते कोशिंबिरीवर घालायचे असते. एखाद्या आजोबांना गुडघेदुखीसाठी जिभेखाली टाकायचे थेंब हवे असतात. कुणाला केसांना लावायचे असते, तर कुणाला मुलाच्या आकडीवर औषध हवे असते. नाव सगळे एकच घेतात. हेम्प म्हणजे बी आणि धाग्यासाठी लावलेले भांगेचेच झाड, आणि सीबीडी म्हणजे त्याच झाडाच्या फुलांवरच्या राळेतले, नशा न आणणारे द्रव्य. प्रत्यक्षात त्यातली एक वस्तू, बियांचे तेल, खाद्यपदार्थ आहे, दुसरी, सीबीडीचे तेल, डॉक्टर किंवा वैद्यांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाही असे औषध आहे, आणि दोघींचे कायदे वेगळे आहेत. अन्न आणि औषध हे दोन्ही विभाग आपल्या एकाच प्रशासनाखाली येतात, म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे. हे सर्वांनाही वाचता यावे, म्हणून ते खुले ठेवले आहे.

आमच्याकडून नेहमी औषधे नेणारे एक गृहस्थ आहेत. त्यांच्या मुलीला लहानपणापासून फिट येतात. व्हॅल्प्रोएट आणि क्लोबाझाम या फिटच्या गोळ्या चालू आहेत, तरी महिन्यातून एखादी फिट येतेच. एकदा ते इंटरनेटवरून मागवलेली तीस मिलिलिटरची बाटली घेऊन आले. तपकिरी काच, वर ड्रॉपर, लेबलवर भांगेचे सात पाकळ्यांचे पान आणि खाली मोठ्या अक्षरांत "हेम्प ऑइल २७,००० मिग्रॅ". परदेशात सीबीडीने मुलांच्या फिट कमी झाल्याचे त्यांनी वाचले होते. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा थेंब सुरूही केले होते. आता संध्याकाळची एक गोळी बंद केली तर चालेल का, हे विचारायला ते आले होते.

मी बाटली फिरवून मागची बारीक अक्षरे वाचली. घटकांत एकच ओळ होती: हेम्प बियांचे तेल. खाली अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक. औषधाचा परवाना नव्हता, सीबीडीचे प्रमाणही कुठे लिहिलेले नव्हते. मग ते २७,००० मिलिग्रॅम कसले? तीस मिलिलिटर तेलाचे वजन साधारण अठ्ठावीस ग्रॅम भरते, म्हणजे जवळपास तेवढेच मिलिग्रॅम. कंपनीने बाटलीतल्या तेलाचेच वजन मिलिग्रॅममध्ये लिहून औषधाच्या ताकदीसारखे मिरवले होते. करडईच्या तेलाच्या बाटलीवरही असा आकडा छापता येईल.

मग कागदावर हिशेब करून दाखवला. केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, नोव्हेंबर २०२१ मध्ये हेम्पचे बी, बियांचे तेल आणि पीठ यांना खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली. त्यात सीबीडीची कमाल मर्यादा किलोमागे ७५ मिलिग्रॅम ठेवली आहे. म्हणजे नियमात बसणाऱ्या तीस मिलिलिटरच्या बाटलीत फार तर दोन मिलिग्रॅम सीबीडी असू शकते. अमेरिकेत फिटसाठी जे शुद्ध सीबीडीचे औषध मंजूर झाले आहे, एपिडायोलेक्स, त्याची नेहमीची मात्रा वजनाच्या किलोमागे रोज दहा मिलिग्रॅम आणि गरजेप्रमाणे वीसपर्यंत आहे. मुलीचे वजन वीस किलो. म्हणजे रोज दोनशे मिलिग्रॅम, म्हणजे त्या तेलाच्या रोज शंभर बाटल्या. ते गृहस्थ कितीतरी वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. गोळी बंद करू नका, एवढे सांगून मी त्यांना मुलीच्या न्यूरोलॉजिस्टकडे पाठवले. फिटची गोळी अचानक तोडली की काय होते, हे आपल्याला सांगायला नको.

याच्या नेमके उलटेही घडते. ओळखीतल्या एक मावशी मुलाकडे अमेरिकेला राहून परत आल्या. हृदयाची झडप बदललेली असल्यामुळे त्या वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी घेतात. सुनेने गुडघ्यासाठी दिलेली बाटली त्या रोज वापरत होत्या. "हेम्पचंच तर तेल आहे, जवसासारखं," असे त्यांचे म्हणणे. ती बाटली मात्र खऱ्या सीबीडीची होती. सीबीडी यकृतातल्या ज्या एन्झाइमांना अडवते, त्यांच्याकडूनच वॉरफरिनचा निचरा होतो. निचरा कमी झाला की रक्त गरजेपेक्षा पातळ होते आणि आतल्या आत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. हे डॉक्टरांना सांगायला हवे, असे मावशींच्या मनातही आले नव्हते. तेल खातो हे कुणी डॉक्टरांना सांगते का?

एका घरात तेलालाच औषध समजले गेले, तर दुसऱ्या घरात औषधालाच तेल. दोन्हीकडे माणसे शिकलेली, काळजी घेणारी. त्यांना फसवले ते लेबलांनी.

झाड एकच आहे, कॅनॅबिस सटायव्हा. आपल्याकडे हिरवळीच्या खतासाठी पेरतात तो ताग किंवा भाजीची अंबाडी यांचा त्याच्याशी संबंध नाही, त्या वेगळ्या कुळांतल्या वनस्पती आहेत. भांगेच्या झाडात नशेचा आणि औषधाचा सगळा कारभार राळेत असतो, आणि ती राळ तयार होते मादी फुलांवर व फुलांभोवतीच्या लहान पानांवरच्या सूक्ष्म ग्रंथींत. नशा आणणारे टीएचसी तिथेच, नशा न आणणारे सीबीडीही तिथेच. इस्रायलमध्ये राफाएल मेशुलम यांनी १९६३ मध्ये सीबीडीची रचना उलगडली आणि पुढच्याच वर्षी सहकाऱ्यासोबत टीएचसीची. बियांच्या आत यांतले जवळपास काहीच नसते. बियांवर जो अंश सापडतो तो बहुतेक बाहेरून चिकटलेल्या राळेचा, बी नीट स्वच्छ न केल्यामुळे आलेला. म्हणूनच एफएसएसएआयने बियांत टीएचसीची मर्यादा किलोमागे ५ मिलिग्रॅम आणि तेलात १० मिलिग्रॅम अशी अगदी खाली ठेवली आहे. ती पाळली तर हेम्पचे बी खाऊन कुणाला नशा चढणार नाही.

बियांचे तेल घाण्यावर दाबून काढतात. ते गडद हिरवट असते, चवीला थोडे अक्रोडाच्या अंगाने जाते. सीबीडीचे तेल असे निघत नाही. फुले-पाने वाळवून त्यांतला अर्क अल्कोहोलने किंवा दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडने ओढून काढतात आणि तो दुसऱ्या कुठल्या तरी तेलात मिसळतात. गोंधळाचे मूळ इथे आहे, कारण हे दुसरे तेल कधी खोबऱ्याच्या तेलापासून केलेले एमसीटी नावाचे तेल असते, तर कधी हेम्प बियांचेच! मग त्या बाटलीवर "हेम्प ऑइल" लिहिलेले खोटेही म्हणता येत नाही. हेम्प बियांचे तेल आणि हेम्प बियांच्या तेलात विरघळवलेला सीबीडीचा अर्क, दोघांच्या लेबलवर एकच मथळा. अर्कातून टीएचसी वेगळे काढलेले नसेल तर त्यात थोडे टीएचसीही येते, आणि नोकरीसाठी लघवीची तपासणी द्यावी लागणाऱ्याला ते महागात पडू शकते.

बियांबद्दल मला वाईट बोलायचे नाही. सोललेल्या हेम्प बियांत शंभर ग्रॅमला ३१ ग्रॅमच्या आसपास प्रथिने आणि जवळजवळ निम्मा स्निग्धांश असतो. उत्तराखंडच्या कुमाऊँत भाजलेल्या बियांची चटणी पिढ्यान् पिढ्या रोजच्या जेवणात आहे, आपल्याकडे कारळ्यांची असते तशीच. तेल मात्र फोडणीला वापरू नये, तापवले की लवकर बिघडते, वरून घालावे. नुसत्या ओमेगा-३ साठी कुणी विचारले तर मी जवस सुचवते. जवसात ते हेम्पपेक्षा जास्त आहे आणि किंमत कितीतरी कमी. पण ज्याला हेम्पचे बी खायचे आहे त्याने ते जरूर खावे. आमच्या समाजात "भांग" शब्द निघाला की लोक दचकतात, दुकानाच्या फळीवर बियांचे पाकीट दिसले तरी कुजबुज होते. ही भीतीही निराधार आहे, आणि तीसुद्धा गल्लतीतूनच आली आहे.

सीबीडीच्या बाजूनेही खरे ते सांगितले पाहिजे. एपिडायोलेक्सला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जून २०१८ मध्ये ड्रॅव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टॉट या दोन अवघड आजारांतल्या फिटसाठी मान्यता दिली आणि २०२० मध्ये ट्यूबरस स्क्लेरॉसिस या आजारातल्या फिटसाठी. ते रीतसर वैद्यकीय चाचण्यांतून गेलेले औषध आहे, लिव्हरच्या तपासण्या करत द्यायचे. व्हॅल्प्रोएट चालू असेल तर लिव्हरची एन्झाइम्स वाढण्याची शक्यता जास्त, आणि क्लोबाझामसोबत दिले तर मूल गुंगीत जाऊ शकते. म्हणजे वरच्या गृहस्थांना खरे सीबीडी मिळाले असते, तरी ते परस्पर देणे धोक्याचेच होते. गुडघेदुखी, झोप, चिंता यांसाठी त्या तोडीचा पुरावा अजून उभा राहिलेला नाही. जाहिराती मात्र याच तीन गोष्टींच्या.

आपल्या देशात हे अर्क बहुतांशी आयुर्वेदिक औषध म्हणून "विजया" या नावाने विकले जातात. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतल्या ई-१ या परिशिष्टात भांग, बिया वगळून, विषारी द्रव्यांच्या यादीत आहे. अशा औषधावर ते वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे अशी सूचना छापणे बंधनकारक आहे. "बिया वगळून" हे दोन शब्द आपण लक्षात घ्यावेत. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातही हीच रेघ आहे: गांजा म्हणजे फुलांचे किंवा फळ धरलेले शेंडे, शेंड्यांशिवायची पाने आणि बिया त्यात धरलेल्या नाहीत. महाराष्ट्रात भांगेच्या पानांना वेगळा दारूबंदी कायदा लागू आहे, परवान्याशिवाय ती बाळगता येत नाही. म्हणजे झाडाचा कोणता भाग हातात आहे, यावर तो माणूस ग्राहक ठरतो, रुग्ण ठरतो की आरोपी, हे अवलंबून आहे. कायदा करणाऱ्यांना ही रेघ चाळीस वर्षांपासून माहीत आहे. बाटली विकत घेणाऱ्याला ती कुणी दाखवलेली नाही. परदेशातून सामानात सीबीडीच्या गमीज, म्हणजे चघळायच्या गोड गोळ्या, घेऊन येणाऱ्या आपल्या मुलाबाळांना तर मुळीच नाही; तिकडे किराणा दुकानात मिळणारी वस्तू विमानतळावर त्यांना अमली पदार्थांच्या गुन्ह्यात अडकवू शकते.

आता खोडाबद्दल, आणि इथे मी कृषी आयुक्तांनाही साद घालते.

वेरूळच्या लेण्यांत मातीच्या आणि चुन्याच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे धागे व तुकडे मिसळलेले आहेत. पुरातत्त्व खात्यातले राजदेव सिंह आणि छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ एम. एम. सरदेसाई यांनी बाराव्या लेण्यातले नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासून २०१६ मध्ये ते सिद्ध केले. दीड हजार वर्षे तो गिलावा टिकला, त्यात किडीने घर केले नाही. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही आणि तिथल्या चित्रांचे किडीने बरेच नुकसान केले, असे त्यांचे निरीक्षण आहे. आज युरोपात खोडाचा आतला भुसभुशीत गाभा चुन्यात कालवून भिंती उभारतात आणि त्याला हेम्पक्रीट म्हणून मिरवतात. आपल्या कारागिरांनी तसलेच मिश्रण सह्याद्रीच्या कातळावर थापले होते. मला याचा अभिमान वाटतो, आणि तो लपवावासा वाटत नाही. बाहेरच्या सालीचा धागा दोर, शिडाचे कापड, कागद यांसाठी जगभर शतकानुशतके वापरला गेला. यातल्या कशाचाही राळेशी, म्हणजे नशेशी, संबंध नाही.

अमली पदार्थ कायद्याचे कलम १४ सरकारला केवळ धागा किंवा बी यांच्यासाठी भांगेची लागवड करू देण्याचा अधिकार देते. उत्तराखंडने २०१८ मध्ये त्याखाली परवाने द्यायला सुरुवात केली. हिमाचल प्रदेशच्या मंत्रिमंडळाने जानेवारी २०२५ मध्ये दोन कृषी विद्यापीठांमार्फत प्रायोगिक अभ्यासाला मंजुरी दिली. आपल्याकडे २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने कुठल्याच पिकाला भाव मिळत नाही म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे शेतात गांजा लावायची परवानगी मागितली. बातमी देशभर गाजली. त्या अर्जामागची हतबलता खरी होती. पण त्यानंतरच्या चर्चेत "गांजा नव्हे, धाग्याचे हेम्प लावता येईल का" हा साधा प्रश्न मला कुठे दिसला नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर सोपे नाही आणि शेतकऱ्यांना स्वप्ने विकायला माझा विरोध आहे. हे झाड दिवसाच्या लांबीवर चालते. युरोपातल्या धाग्याच्या जाती तिकडच्या लांबलचक उन्हाळी दिवसांत उंच वाढतात. आपल्या अक्षांशावर दिवस आखूड, त्यामुळे त्या ठेंगण्या असतानाच फुलावर येण्याची भीती असते. शिवाय हेम्प आणि गांजा वेगळे धरण्यासाठी टीएचसीची ०.३ टक्क्यांची जी रेघ अनेक देश पाळतात, ती अर्नेस्ट स्मॉल या कॅनडाच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये वर्गीकरणाच्या सोयीसाठी सुचवली होती. नशा कुठे सुरू होते, ते ती सांगत नाही. पीक त्या रेघेच्या थोडे वर गेले तरी अमेरिकेत ते नष्ट करावे लागते किंवा फुले काढून टाकण्यासारखी प्रक्रिया करून पुन्हा तपासावे लागते. आमच्या भागातल्या दोन एकरवाल्याला असा धक्का सोसणार नाही. म्हणून आधी राहुरी, अकोला, परभणी, दापोली यांपैकी एखाद्या विद्यापीठाने कुंपणाच्या आत प्रयोग करावा, कोणती जात इथे किती उंच होते आणि तिचे टीएचसी किती भरते हे मोजावे, आणि मगच शेतकऱ्यापर्यंत शब्द जावा.

आयुक्त महोदय, आता आपल्याकडची मागणी. लेबलांचे नियम केंद्राचे आहेत, हे मला ठाऊक आहे. पण असलेले नियम राबवणे आपल्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांच्या आणि औषध निरीक्षकांच्या हातात आहे. खाद्य हेम्पच्या पाकिटावर बियांखेरीज झाडाच्या दुसऱ्या कुठल्याही भागाचे चित्र छापायचे नाही, असा नियम आहे. माझ्या हातात आलेल्या बाटलीवर पान होते, आणि तशा बाटल्या आजही दोन क्लिकमध्ये घरी येतात. आपल्या कार्यालयाने इंटरनेटवरून अशा बाटल्या सामान्य ग्राहकासारख्या मागवाव्यात, प्रयोगशाळेत त्यांतले टीएचसी आणि सीबीडी मोजावे आणि निकाल बॅच नंबरसकट जाहीर करावेत. २०१७ मध्ये अमेरिकेत इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या सीबीडीच्या ८४ उत्पादनांची अशी तपासणी झाली, तेव्हा फक्त २६ लेबले खरी निघाली आणि १८ नमुन्यांत टीएचसी सापडले. आपल्या बाजारातले चित्र आपल्यालाच काढावे लागेल.

विजया अर्काची औषधे चिठ्ठीशिवाय घरपोच जातात का, हेही तपासावे. संकेतस्थळावर दोन प्रश्न विचारून "आमच्या वैद्यांनी मंजुरी दिली" असा निरोप येणे म्हणजे रुग्ण तपासणे नव्हे. मावशींसारख्या माणसाला वॉरफरिन चालू आहे हे त्या दोन प्रश्नांत येत नाही.

केंद्राकडे शिफारस करायचीच असेल तर एकच करा: लेबलच्या समोरच्या बाजूला, स्थानिक भाषेत, मोठ्या अक्षरांत एक ओळ. बियांच्या तेलावर "बियांचे खाद्यतेल, औषध नाही" आणि अर्कावर "सीबीडीयुक्त औषध, चिठ्ठीशिवाय घेऊ नये", सोबत एका मिलिलिटरमध्ये सीबीडी किती आणि टीएचसी किती ते आकड्यांत. तेलाच्या वजनाचा आकडा समोर छापायला बंदी असावी.

आणि तोवर, केंद्राची वाट न पाहता, राज्यातल्या सगळ्या औषध विक्रेत्यांना एक पानी मराठी परिपत्रक पाठवावे. चौदा आकडी अन्न परवाना दिसला तर ते खाण्याचे तेल, आयुष औषधाचा परवाना आणि सावधगिरीची सूचना दिसली तर ते औषध, आणि दोन्ही नसेल तर बाटली परत पाठवा व निरीक्षकांना कळवा. फिट, रक्त पातळ करण्याची आणि गुंगी आणणारी औषधे चालू असलेल्यांना हेम्प किंवा सीबीडी घेता का, हे विचारून मगच गोळ्या द्या. एवढा मजकूर पुरे. तो दुकानात काउंटरच्या काचेखाली ठेवता येईल अशा आकाराचा असावा, म्हणजे गिऱ्हाईकही वाचेल. मसुदा लागल्यास मी तयार करून देईन, आणि परिपत्रक निघाल्यावर कराड तालुक्यातल्या प्रत्येक मेडिकलमध्ये ते पोचवायचे काम मी अंगावर घेते.

कळावे.

आपली विश्वासू,
एक फार्मासिस्ट, कराड, जि. सातारा